ढोलाविना गट्टिमेळ

२६ नोव्हेंबर १९५८

गजाला आज झटका आला. तालमीला सगळे जमले होते, लाल कोट उन्हात टाकलेले, यल्लाप्पा आपला तो अजस्र बेस, पितळी कर्णा, मांडीवर घेऊन पुसत बसलेला. गजा पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "यापुढे आपण हलकं वाजवायचं."

हलकं म्हणजे काय, तर बँडमध्ये चार माणसं. त्याची क्लॅरिनेट, दोन कॉर्नेट, एक युफोनियम. झांजा बंद. साइड ड्रम बंद. बेस बंद. ढोल बंद.

मी म्हटलं, ढोल बंद म्हणजे?

"म्हणजे बंद, दाजी. लोकांना सूर ऐकायचाय. आपण आजवर त्यांना तो ऐकू दिला नाही."

हा माझ्या बायकोचा भाऊ. माझ्या वडिलांनी पलटणीतून सुटून आल्यावर या कानडी शहरात, बळेपेटेत, हा पितळी बाजा उभा केला, ढोल स्वतःच्या गळ्यात घालून. त्यांच्यामागे तो माझ्या गळ्यात आला. गजाला कागदावरच्या रेघा वाचता येतात म्हणून मीच त्याला मास्तर केला. तो आता मला ढोल उतरवायला सांगतोय. यल्लाप्पा बिचारा विचारतो, "मास्तर, मग मी काय वाजवू?" गजा म्हणाला, स्वल्प दिवस थांब. स्वल्प दिवस! हा म्हणजे मोठा संस्थानिकच लागून गेला.

३० नोव्हेंबर

नवी तालीम पाहिली. घराच्या मागच्या खोलीत, गजा राहतो तिथे, दार लोटून. चोरी करतात तसे वाजवत होते. पुट्टस्वामीच्या कॉर्नेटच्या तोंडात गजानं स्वतःची काळी टोपी कोंबली आहे, आवाज मऊ यावा म्हणून. पुट्टस्वामी, ज्याचा कॉर्नेट कंटोन्मेंटपर्यंत ऐकू जायचा, तो टोपीतून शेंबूड ओढल्यासारखं वाजवत होता आणि वर मान डोलवत होता.

सगळं रेडिओवरच्या चालींसारखं. संथ. एक ओळ वाजवायची, मग थांबायचं. का थांबले म्हणून मी डोकावलो, तर म्हणे ते थांबणं पण वाजवण्यातच येतं. न वाजवण्याची बिदागी घेणारा पहिला बँड.

७ डिसेंबर

बसवनगुडीत एका निवृत्त इंजिनियराच्या घरी साखरपुडा. गजाच्या चौकडीचा पहिला कार्यक्रम. मीही गेलो, बघायला.

लाल कोट घातले नाहीत. पांढरी धोतरं, पांढरे सदरे. बँड आजपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला, बूट घालून, छाती काढून. हे चौघे आत गेले, चपला काढल्या आणि जाजमावर मांडी घालून बसले. पुट्टस्वामीच्या पायाला भेगा आहेत हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, ते आज सगळ्या बसवनगुडीला ठाऊक झालं.

वाजवलं. लोक आइस्क्रीम खात होते. चमचे ऐकू येत होते, बायकांची कुजबुज ऐकू येत होती, एका पोराचं रडणं ऐकू येत होतं, त्यातून मधूनमधून क्लॅरिनेट. शेवटी इंजिनियरसाहेब उठले आणि गजाचे दोन्ही हात धरले. डोळे ओले. म्हणाले, आमच्या लग्नात बँड होता, पण तो वाजला एवढंच आठवतं, काय वाजलं ते आठवत नाही.

गजानं माझ्याकडे बघितलं. मी आइस्क्रीम मागितलं.

८ डिसेंबर

सौ. भावाच्या बाजूची. ती कधी माझ्या बाजूची होती म्हणा. सकाळी दोसे घालता घालता म्हणाली, "गजा चांगलं वाजवतो. पहिल्यांदा त्याचं वाजवणं कळलं मला."

म्हटलं, इतकी वर्षं काय कळत होतं?

"तुमचा ढोल."

कुसुम हसली. ही आमची मुलगी, हिला पण मामाचंच कौतुक. मी दोसा अर्धा टाकून उठलो. मग बँडच्या दुकानात जाऊन हॉटेलातून उप्पिट मागवलं, कारण भूक होती.

२२ डिसेंबर

धनुर्मास लागला, लग्नं बंद. दुकानात ढोलाच्या दोऱ्या ताणत बसलो. यल्लाप्पा येतो, बेसशेजारी बसतो, जातो. झांजवाला हणमंता कापडाच्या वखारीत लागला. साइड ड्रमवाला गावी.

मुद्दा मी पेटेतल्या प्रत्येकाला सांगतो तो इथेही लिहून ठेवतो, कारण गजाच्या डोक्यात शिरत नाही. मिरवणुकीचं सोडा. लग्नातला खरा ढोल गट्टिमेळाचा. नवरा मंगळसूत्र बांधायला वाकतो, भटजी हात वर करून "गट्टिमेळ! गट्टिमेळ!" ओरडतात, आणि मी मांडवाच्या दारातून असा काही ढोल घालतो की शेजारच्याचा शब्द शेजारच्याला कळत नाही. ते त्याचसाठी असतं. कुणी शिंकेल, कुणी खोकेल, कुठलं पोर रडेल, कुणाच्या तोंडून वेडंवाकडं निघेल, ते त्या घडीला कुणाच्या कानी पडू नये. इथले कानडी लोक त्याला सनईचे ओलगवाले आणतात, आपल्या मराठी लोकांत तो मान आमच्या ढोलाचा. आणि आमच्या स्वतःच्या घरात तर मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नात गट्टिमेळ बापानंच वाजवायचा, ही वडिलांची रीत. माझ्या लग्नात त्यांनी वाजवला. चामडं फाटलं होतं शेवटी.

तिथे गजा काय करणार? टोपी कोंबणार?

ता. क. दोऱ्या ताणताना तोंडातून त्याचीच ती रेडिओछाप चाल निघत होती. यल्लाप्पानं ऐकलं. मी खाकरलो.

११ जानेवारी १९५९

कुसुमला पाहायला बेळगावची मंडळी आली. मुलगा इथेच एका कारखान्यात फोरमनच्या हाताखाली आहे. उंच, सरळ भांग, बोलतो कमी. बाप मात्र भरपूर बोलतो. त्यानं तीनदा सांगितलं की बेळगावात त्यांच्या घराला दोन दारं आहेत. एक दार आम्हाला पण आहे.

कुसुमनं कॉफी आणली, बसली, विचारलं तेवढं सांगितलं. मंडळी गेल्यावर मी विचारलं, काय गं, पसंत?

"सरी, अप्पा."

झालं. सरी म्हणजे ठीक, स्थळ जमलं. सौ. कप गोळा करत होती. गजा म्हणाला, "दाजी, तिला नीट विचारा ना एकदा." म्हटलं, तू क्लॅरिनेट विचार, मुलगी माझी आहे. तिनं सरी म्हटलं की सरी.

८ फेब्रुवारी

दाखवून दिलं. म्हणजे दाखवून देणार होतो.

बेळ्ळंदूरच्या गौडांकडे लग्न. तळ्याकाठचं गाव, तिथल्या लोकांना अजून कान आहेत. निरोप आला की बँड पाहिजे, मोठ्ठा. गजा म्हणाला, तुम्ही जा. मग गेलोच. यल्लाप्पा, हणमंताला वखारीतून ओढून आणला, गावाकडून साइड ड्रमवाला आला, आणखी इकडचे तिकडचे. लाल कोट. बूट. वेशीवर नवरदेवाची सजवलेली बैलगाडी उभी, शिंगांना गोंडे. मी पहिला ठोका घातला.

बैल उधळले. ते काही शहरी बैल नव्हते. गाडी, नवरदेव, नवरदेवाच्या मांडीवरचा छोटा भाचा, सगळं बांधावरून खाली आणि तळ्याच्या चिखलात. कुणाला लागलं नाही. नवरदेवाचा फेटा तेवढा तरंगत गेला. गौडा मोठ्या मनाचा, हसला, पण पुढे मुहूर्ताला म्हणाला, "अण्णा, ढोल स्वल्प लांबूनच."

लांबूनच वाजवला. घरी गजाला सांगितलं, कार्यक्रम छान झाला. यल्लाप्पानं आधीच सांगून ठेवलं होतं. गजा हसला नाही. त्यानं हसायला हवं होतं, मग मला त्याला चार शब्द सुनावता आले असते.

१५ फेब्रुवारी

आज जे झालं ते सगळं लिहितो.

चिक्कपेटेतल्या रेशमाच्या व्यापाऱ्याकडे लग्न. आपलेच लोक, पिढ्यान्‌पिढ्या इथले. बसवनगुडीपासून गजाचं नाव पसरलंय, श्रीमंतांना आता हलकं हवं असतं. त्यांनी ठरवलं की गट्टिमेळही गजाचाच, ढोल नकोच, त्यानं पाहुण्यांची डोकी उठतात. मला आमंत्रण होतं ते पाहुणा म्हणून. मी शेला घालून गेलो आणि मुद्दाम पुढच्या ओळीत बसलो.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. नवरा मंगळसूत्र घेऊन वाकला. भटजींनी हात वर केला, सवयीनं ओरडले, "गट्टिमेळ!" गजानं क्लॅरिनेट तोंडाला लावली. वाजवली मऊ, लांब एक ओळ. आणि मग त्याचं ते थांबणं.

त्या थांबण्यात मुलगी बोलली.

"आई, मला घरी घेऊन चल."

ओरडली नाही. लहान मुलं पाहुण्यांकडून निघताना म्हणतात तेवढंच. पण सभागृहातल्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं. मंगळसूत्र धरलेला नवऱ्याचा हात तसाच राहिला. मुलीची आई मागे उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला. भटजी आता खरंच ओरडले, "गट्टिमेळ! अरे, गट्टिमेळ!" गजाला कळेना, त्यानं दुसरी ओळ सुरू केली, तीही मऊच. पुट्टस्वामीची टोपी कॉर्नेटमध्येच.

मग नवऱ्याच्या बापानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यानं बांधलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, उशिरा, जास्त जोरात. जेवायला सगळे बसले. चिरोट्या उत्तम होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

घरी येताना मी चालत आलो. अंगात असं बळ होतं की लालबागला वळसा घालून आलो असतो.

१६ फेब्रुवारी

पेटेत दुसरा विषय नाही. हॉटेलात, न्हाव्याकडे, देवळाच्या पायरीवर. मी फक्त एवढंच म्हणतो, "ढोल असता तर." पुढचं लोक बोलतात.

गजा दुपारी दुकानात आला. उभाच राहिला. "दाजी, ती बोलली ते ऐकू आलं, हा माझा दोष?"

"मग कुणाचा? माझा? मी तर चिरोट्या खात होतो."

"ती बोललीच नसती असं वाटतं तुम्हाला, ढोल असता तर?"

काय पण प्रश्न. बोलली असती का नसती, याच्याशी काय करायचंय? ऐकू आलं नसतं. व्यापाऱ्याची अब्रू राहिली असती, मुलगी निमूट सासरी गेली असती, सगळ्यांना चिरोट्या गोड लागल्या असत्या. यालाच गट्टिमेळ म्हणतात, मूर्खा. हे सगळं मी त्याला म्हटलं. यल्लाप्पा बेसशेजारी बसून मान हलवत होता. कुठल्या बाजूनं हलवत होता ते कळलं नाही.

२० फेब्रुवारी

गजाची दोन लग्नं मोडली. म्हणजे लग्नं होणार, गजा नाही. दोघांनीही माझ्याकडे माणूस पाठवला, ढोल हवा. व्याह्यांचा बेळगावहून निरोप, त्यांना कुणीतरी चिक्कपेटची गोष्ट कळवलेली दिसते. "आमच्याकडे ढोल पाहिजेच, आणि मोठा." म्हटलं, व्याही, त्याची काळजी तुम्ही करू नका.

हणमंतानं वखार सोडली. लाल कोटांना इस्त्री.

२३ फेब्रुवारी

आज जेवताना मी पुन्हा तोच विषय काढला. काढणारच. गजा घरात नव्हता, कुसुम विहिरीवर. म्हटलं, बघितलंस तुझ्या भावाचं हलकं वाजवणं? कुठल्या मुलीच्या तोंडून असं कधी ऐकलं होतंस?

सौ. ताक घुसळत होती. घुसळतच म्हणाली, "मी पण बोलले होते."

"कधी?"

"आपल्या लग्नात. मामंजींच्या ढोलात कुणाला ऐकू गेलं नाही."

मी हसलो. ती हसली नाही. मी विचारलं, काय बोलली होतीस?

"आता कशाला?" ताकात मीठ टाकलं. "तुम्हाला अजून भात वाढू?"

वाढला. खाल्ला. सव्वीस वर्षं एकत्र काढली आणि ही बाई ताक घुसळत सांगते, मी पण. बायकांचं हे असंच. काहीतरी टाकून द्यायचं आणि भात वाढायचा. काय बोलली असेल? डोकं दुखतंय म्हणाली असेल. धूर फार होता म्हणाली असेल, होमाचा.

२४ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. "विसरले," म्हणाली.

विसरलेली नाही. मी ओळखतो ना तिला. म्हणजे मला वाटत होतं, ओळखतो.

१ मार्च

कॉटनपेटेत लग्न. पूर्ण बँड, ढोल दारात. लोक मान देऊन बोलले, या अण्णा, आता बिनघोर. मुलीच्या बापानं तर माझ्या हाताला हात लावला.

गट्टिमेळ. मी ठोका घातला, आणि इतक्या वर्षांत कधी केलं नाही ते केलं. मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. एरवी मी भटजीच्या हाताकडे बघतो, चामड्याकडे बघतो, मुलगी कोण असते ते पण ठाऊक नसतं.

ओठ हलत होते.

देवाचं नाव घेत असेल. मैत्रिणीला काही सांगत असेल, पदर सावर म्हणून. मी ठोका चुकवला नाही, पण हात स्वल्प हळू पडला असावा, कारण हणमंतानं झांजा वाजवता वाजवता माझ्याकडे रागानं पाहिलं. मग मी आणखी जोरात वाजवला. ओठ हलायचे थांबले तेव्हा मंगळसूत्र बांधून झालं होतं.

गजानं करून ठेवलंय हे. साधा ढोल होता. आता त्याच्याखाली बघावं लागतं.

१५ मार्च

आणखी दोन लग्नं. पाहायचं नाही असं ठरवून गेलो. दोन्हीकडे पाहिलं. एक मुलगी हसत होती, खरी हसत होती, नवऱ्याला काहीतरी म्हणाली आणि तोही हसला. म्हणजे सगळ्याच काही रडत नाहीत. हे सौ.ला सांगितलं. म्हणाली, "मी कुठं म्हटलं सगळ्या रडतात?"

गजा मागच्या खोलीत एकटाच वाजवतो. चौकडी मोडली. पुट्टस्वामीनं टोपी परत केली, ती मेणचटली आहे. गजाचं वाजवणं मला अजून पटत नाही. चालीला कणा नाही, मधे सोडून देतो, ऐकणारा लटकतो. काल कुसुम दाराशी बसून ऐकत होती.

१२ एप्रिल

कुसुमच्या लग्नाला महिना राहिला. मुहूर्त मेच्या सतराला, सकाळचा. सौ. पापड, सांडगे, बांगड्या. मी नवं चामडं आणलं आणि चढवायला घेतलं. कुसुम चहा घेऊन दुकानात आली आणि उभी राहिली.

"अप्पा, माझ्या वेळी ढोल नको."

मी म्हटलं, काय नको? ऐकू आलं होतं, तरी.

"गट्टिमेळाला. मिरवणुकीत वाजवा हवा तेवढा."

म्हटलं, वेडी आहेस का? बापानं वाजवायचा असतो. तुझ्या आजोबांनी... "माहितीय," म्हणाली. बरं, तुला मामाची क्लॅरिनेट हवी असेल तर तेही होणार नाही, मामा तुझ्या मागे उभा असणार, मुलीच्या मामाला मांडवात धरून उभं राहावं लागतं. तेव्हा काहीच वाजणार नाही. सगळी लग्नघटका मुक्यानं.

"सरी," म्हणाली.

हा तोच शब्द. जानेवारीत मी तो ऐकला आणि पेढे वाटले.

१३ एप्रिल

गजाला फैलावर घेतलं. तू शिकवलंस तिला. तो म्हणतो, देवाशपथ नाही दाजी, मीच तिला म्हणालो की दाजींना वाजवू दे, त्यांना बरं वाटेल.

म्हणजे हा माझ्यावर उपकार करत होता. उपकार! सरळ माणूस असता तर त्यानं तिला चिथवलं तरी असतं.

२६ एप्रिल

व्याही बेळगावहून येऊन गेले. दोन दारांचं घर पुन्हा ऐकलं. मी सहज म्हणून काढलं, मुलीला ढोलाचा त्रास होतो, डोकं दुखतं, तर...

व्याह्यांचा चेहरा पडला. मग डोळे बारीक झाले. "त्रास होतो? की काही बोलायचंय तिला?" आणि हसले, गंमत केली असं दाखवायला. "नाही जगतापराव, चिक्कपेटसारखं आमच्यात नको. ढोल नसेल तर मुहूर्तावर आम्ही उभे राहणार नाही, स्पष्ट सांगतो."

ऐकून घेतलं. मुलीचा बाप. चिक्कपेटच्या गोष्टीवर हॉटेलात सगळ्यात जास्त तोंड कुणी चालवलं, हे त्यांना माहीत नाही आणि मला चांगलं माहीत आहे.

मुलगा बाहेर जटक्याच्या घोड्याजवळ उभा होता. गेलो, म्हटलं, जावईबापू, तुमचं काय मत ढोलाबद्दल? म्हणाला, "वडील म्हणतील ते." मग स्वल्प थांबून, "तिला काय हवंय?" हे त्यानं विचारलं. या सगळ्यात तिच्याबद्दल विचारणारे तो आणि गजा, दोघेच. चांगला असेल मुलगा. असेलही.

३ मे

सौ.ला विचारलं, तूच सांग, काय करू.

"तुमचा ढोल, तुमची मुलगी."

"तू काय बोलली होतीस त्या वेळी, ते तरी सांग. मग मी ठरवतो."

ती तांदूळ निवडत होती. एकेक खडा वेचून बाजूला टाकत राहिली, मी गेलो नाही. शेवटी म्हणाली, "सांगितलं तर तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं मी तेच धरून बसले. तसं नाही. काही वर्षं बरी गेली. पण त्या दिवशी तुमच्या वडिलांचा हात थांबला असता, तर माझ्या बापानं निदान माझ्याकडे बघितलं असतं."

पुढे विचारलं नाही. मला राग यायला हवा होता. कुणावर यावा ते ठरेना, म्हणून गजावर काढला, की मागच्या खोलीत केर काढत नाही.

१६ मे

घर पाहुण्यांनी भरलंय. अंगणात चूल, चित्रान्नाचं पातेलं, बायकांचा कालवा. हळद लागली. यल्लाप्पा, हणमंता, सगळे कोट घालून तयार, पुट्टस्वामी टोपीशिवाय. उद्या बळेपेट दणाणणार असं जो तो सांगतोय.

संध्याकाळी कुसुम पाणी भरायला मागं गेली तेव्हा मी पण गेलो. हातभर हळद, कपाळाला मुंडावळ्यांची खूण. म्हटलं, कुसुम, इथे कुणी नाही. तुला काही बोलायचं असेल तर आता बोल. हे स्थळ नको असेल तर तसं बोल. मी बघतो काय ते. व्याह्यांची दोन्ही दारं बंद करून येतो.

तिला हसू आलं. मग म्हणाली, "आता विचारताय, अप्पा?"

"आता तर आता."

"मला उद्या काही बोलायचंय असंच नाही." कळशी कमरेवर घेतली. "पण बोलले, तर ऐकू जावं ना."

आणि आत गेली. बायकांनी लगेच तिला ओढून गाणी सुरू केली.

१७ मे, पहाटे

सगळे उठलेत. सौ.नं माझा नवा सदरा काढून ठेवला, आज प्रथमच न विचारता बटणं लावून दिली.  गजा मामाचा शेला गुंडाळून, आरशात पाहून भांग पाडतोय, दिसतोय मूर्खच. मला पाहून म्हणाला, "दाजी, काय ठरलं?" म्हटलं, तू मुलीला नीट धर, तेवढं जमलं तरी पुरे.

व्याह्यांचा माणूस येऊन बघून गेला. ढोल ओसरीवर, नवं चामडं ताणलेलं. समाधानानं परत गेला. कुसुमनंही येता जाता पाहिला. थांबली नाही.

यल्लाप्पा शेजारी येऊन बसला, बेस मांडीवर. म्हणाला, अण्णा, एक सांगू? सांगू नकोस, म्हटलं.

जटका दारात आलाय. जटकावाला ओरडतोय, ढोल चढवू का म्हणून. थांब म्हटलंय त्याला. दोनदा म्हटलं. घोडा पाय आपटतोय, आतून सौ. हाक मारतेय, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मी हे लिहीत बसलोय.